पत्र्याच्या बारा ट्रंका

वरणगावच्या मुलांना ‘युद्ध’ हा विषय दिला की निम्मी चित्रं सारखीच निघतात. डोंगर, रणगाडा, बंदूक रोखलेला जवान आणि वर तिरंगा. नवल नाही त्यात. आमचं गाव ऑर्डनन्स फॅक्टरीचं. इथे काडतुसं बनतात. कित्येक घरांत आजोबा फॅक्टरीत लागले, मग वडील लागले. काडतूस पुढे कुठे जातं याची चर्चा घरात होत नाही, ओव्हरटाइमची होते. मी इथे चित्रकला शिकवतो. युद्धाची दुसरी बाजू दाखवायची असली की चित्रकार नलिनी मलानी यांचं काम मुलांसमोर ठेवतो.

मलानींचा जन्म १९४६चा, सिंधमधल्या कराचीतला. पुढच्याच वर्षी फाळणी झाली आणि कुटुंब सगळं मागे टाकून कोलकात्याला आलं, नंतर मुंबईला. तान्ह्या पोरीला त्यातलं काय आठवणार? तिच्यापर्यंत आलं ते घरातल्यांच्या बोलण्यातून. सिंध्यांचं दुःख जरा वेगळं आहे. पंजाब आणि बंगाल दुभंगले, तरी अर्धा भाग इकडे राहिला. सिंध अख्खा तिकडे गेला. जळगावात, भुसावळात सिंधी कॉलन्या आहेत. आपण त्यांच्या दुकानात कापडाचा भाव करतो, गाव कोणतं हे सहसा विचारत नाही.

१९६४ ते १९६९ मलानी मुंबईच्या जे. जे. कलामहाविद्यालयात शिकल्या. मला त्यांची सर्वांत जवळची वाटणारी कलाकृती मात्र कॅनव्हासवर नाही. मे १९९८मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, पाठोपाठ पाकिस्ताननेही केल्या. पेढे वाटले जात होते त्या दिवसांत मलानींना उर्दू कथाकार मंटोंची ‘टोबा टेक सिंह’ ही कथा आठवली. फाळणीनंतर दोन्ही देश वेड्यांचीही अदलाबदल करतात, आणि आपलं गाव नेमकं कुठल्या देशात हे न उमगलेला बिशन सिंह दोन सरहद्दींच्या मधल्या जमिनीवर कोसळतो, अशी ती गोष्ट. त्यावरून त्यांनी व्हिडिओ मांडणी केली. खोलीत बारा पत्र्याच्या ट्रंका, त्यांत छोटे टीव्ही, पडद्यांवर परागंदा झालेली माणसं. मधल्या भिंतीवर अणुस्फोट. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन बायका, आणि दोघी मिळून एकच साडी घडी घालू बघतात. साडीची घडी दोघींनी घालायची तर जवळ यावं लागतं. इथे मध्ये अख्खी खोली आहे, आणि त्या खोलीत प्रेक्षक उभा.

भुसावळ जंक्शन जवळ असल्याने ट्रंक आमच्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. बदली झाली की फॅक्टरीच्या क्वार्टरमधूनही तीच निघते, वर पांढऱ्या रंगात नाव लिहिलेली. हतनूरच्या धरणात ज्यांचं गाव गेलं त्यांच्याकडे तर ती अजून असेल.

आता तंत्राचं थोडं. मलानी पारदर्शक प्लॅस्टिकवर मागच्या बाजूने रंगवतात. जुनी काचचित्रं अशीच होत. यात सगळा क्रम उलटा असतो: डोळ्याची बुबुळं, दागिने आधी, चेहऱ्याचा रंग नंतर, पार्श्वभूमी सर्वांत शेवटी, शिवाय डावं ते उजवं होतं. चूक खोडायची सोय जवळजवळ नाही. पुढे त्यांनी अशा चित्रांचे गोल नळे करून टांगले, ते फिरवले आणि त्यांतून प्रकाश सोडला. भिंतीवर सावल्या चालू लागतात, कुठे टेकत नाहीत. निर्वासितांवर काम करणाऱ्या बाईंना हे माध्यम सापडलं, याला मी निव्वळ कारागिरी म्हणणार नाही.

तक्रारही आहे. सीता, मेडिआ, कॅसँड्रा, ॲलिस अशी पात्रं एकाच कामात गर्दी करतात, तेव्हा ग्रीक पुराण न वाचलेला माणूस बाहेर राहतो. साडीच्या घडीला असली तळटीप लागत नाही.

२०२३ साली त्यांना जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला. सत्तरी ओलांडल्यावरही त्या आयपॅडवर बोटाने चित्रं काढून त्यांची हलती चित्रमालिका करतात. वर्गात मोबाइल काढून घेतला की मुलं आता हेच उदाहरण माझ्यावर उलटवतात.