भोपळ्याची वेल वांझ नसते

परसातली भोपळ्याची वेल पिवळ्याधमक फुलांनी भरते, पण फळ काही धरत नाही. मग कुणी म्हणतं वेल वांझ निघाली, कुणी म्हणतं पाळीतल्या बाईचा हात लागला. बोल शेवटी बाईलाच! आज आपण ते फूलच उघडून पाहू.

आधी जास्वंद घेऊ, ती ओळखीची. बाहेर हिरवी निदलं, आत पाच पाकळ्या, मधोमध लांब दांडा. दांड्याभोवती पिवळी पूड धरलेले बारीक दाणे असतात, ते पुंकेसर. अगदी शेंड्याला पाच गोल ठिपके, ती कुक्षी, म्हणजे पराग टिपून घेणारी जागा. नर आणि मादी एकाच फुलात नांदतात.

भोपळ्याचं बिऱ्हाड वेगळं. वेल एकच, पण नरफुलं निराळी आणि मादीफुलं निराळी. नरफूल लांब, बारीक देठावर उभं असतं. त्याच्या आतल्या दांड्याला बोट लावलं की पिवळी पूड लागते. मादीफुलाचा देठ आखूड, आणि पाकळ्यांच्या खाली इवलासा भोपळा कळी असल्यापासूनच दिसतो. तोच अंडाशय. आत जाडसर, चिकट पाळ्यांची कुक्षी.

सुरुवातीला बहुतेक नरफुलंच येतात. त्यांना फळ धरणारच नाही, म्हणून वेल उपटायची घाई नको. भजी करायची तर हीच खुडावीत, थोडी वेलीवर ठेवून.

मादीफूल आलं, तरी कधी तो इवला भोपळा पिवळा पडून गळतो. पाणी, खत, ऊन यांचीही कारणं असतात, पण पुष्कळदा पराग पोचलेलाच नसतो. हा पराग जड आणि चिकट, वाऱ्यानं उडत नाही. तो मधमाश्यांनीच न्यायचा. सकाळी फुलं उघडी असताना औषध फवारलं, तर माश्या येणार कुठून? पाळीचा यात काडीचाही संबंध नाही.

माश्या दिसत नसतील तर आपणच हे काम करू. सकाळी लवकर ताजं नरफूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि आतला दांडा मादीफुलाच्या कुक्षीवर सगळीकडून हलकेच फिरवायचा. दुपारपर्यंत फूल मिटतं, म्हणून उशीर नको. दुधी आणि दोडक्याची फुलं मात्र संध्याकाळी उमलतात. त्यांच्यासाठी दिवेलागणीला वेलीपाशी जायचं.