खिडकीला खिडकी लावून

घरी बसून कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या बायका आता आपल्या लहान गावांतूनही दिसतात. कुणी शिकवणीच्या नोट्स टाइप करतं, कुणी दुकानाची बिलं बघतं, कुणी बचत गटाचा हिशेब ठेवतं. कामं वेगवेगळी, पण तक्रार मात्र एकच : ‘एक उघडलं की दुसरं गायब होतं गं!’ दोन कागद समोर ठेवून ताडून बघायचे असतील तर टेबलावर आपण ते शेजारी-शेजारी मांडतो. कॉम्प्युटरवर मात्र एक खिडकी उघडली की आधीची तिच्यामागे दडून बसते. मग सारखं इकडून तिकडे नि तिकडून इकडे.

यावरचा उपाय म्हणून विंडोज ११ मध्ये एक सोय आहे, ‘स्नॅप लेआउट्स’ नावाची. गेले दोन महिने मी ती रोजच्या कामात वापरून बघतेय. नाव इंग्रजी असलं तरी घाबरू नका. अर्थ एवढाच, की उघडलेल्या खिडक्या पडद्यावर कुठे आणि केवढ्या बसवायच्या त्याच्या तयार मांडण्या. मिसळणाच्या डब्यात कशी प्रत्येक वाटीची जागा ठरलेली असते, तसंच काहीसं.

माझ्या कामाचं उदाहरण देते, म्हणजे लगेच कळेल. आमच्या बचत गटात आम्ही बारा जणी. दरमहा प्रत्येकीची २०० रुपये बचत, म्हणजे २,४०० रुपये. शिवाय कर्जाचे हप्ते वेगळे. गटाची सचिव म्हणून नोंदी ठेवणं माझ्याकडे. बचत गटाची पंचसूत्री तुम्हाला माहीत असेलच : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशेबाच्या अद्ययावत नोंदी. पहिली चार सूत्रं किती नीट पाळली, हे कळतं ते या पाचव्यावरूनच.

पूर्वी सगळा व्यवहार रोख, बैठकीत समोरासमोर. आता काही जणी मोबाइलवरून थेट गटाच्या खात्यात पैसे भरतात. त्यामुळे महिन्याच्या शेवटी बँकेचं स्टेटमेंट उघडायचं आणि त्यातली एकेक रक्कम एक्सेलमधल्या रजिस्टरमध्ये ज्या त्या बाईच्या नावापुढे चढवायची, हे नवीन काम लागलं. ऐकायला सोपं आहे. पण स्टेटमेंट एका खिडकीत, रजिस्टर दुसऱ्या खिडकीत. एकीतून दुसरीत जाईपर्यंत तारीख, रक्कम आणि नाव डोक्यात धरून ठेवायचं. त्यात आमच्या गटात एकाच आडनावाच्या तिघी आणि त्यातल्या दोघींचा हप्ता अगदी सारखा! भर म्हणून स्टेटमेंटवर कित्येकदा नाव असतं ते नवऱ्याचं नाहीतर मुलाचं.

एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर चढला, तर जिनं पैसे भरले तीच थकबाकीदार दिसते. चारचौघींसमोर ‘तुझा हप्ता आला नाही’ हे ऐकणं आपल्याकडे साधी गोष्ट नाही. पुढचं कर्ज मागताना मागची परतफेड बघितली जाते, ते वेगळंच. म्हणजे पडद्यावरच्या एका ओळीवर एखादीच्या शिलाई मशीनचं किंवा लेकीच्या फीचं गणित अडकलेलं असतं.

आता ही सोय वापरायची कशी, ते बघू. प्रत्येक खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तीन खुणा असतात : उणे, चौकोन आणि फुली. त्यातल्या चौकोनावर माऊसचा बाण न्यायचा आणि क्लिक न करता क्षणभर थांबायचं. लगेच एक छोटी पाटी उघडते. त्यात मांडण्यांची चित्रं असतात. कुठे दोन सारखे भाग, कुठे एक मोठा आणि एक लहान, कुठे चार कोपरे. स्क्रीन रुंद असेल तर तीन उभ्या भागांच्या मांडण्याही दिसतात. हवा त्या भागावर क्लिक केलं की समोरची खिडकी तिथे जाऊन बसते. उरलेल्या जागेत बाकीच्या उघड्या खिडक्यांची छोटी चित्रं येतात. त्यातली हवी ती निवडायची. झालं! माऊस नको असेल तर कीबोर्डवर विंडोजची खूण असलेलं बटण धरून झेड दाबा, तीच पाटी उघडते.

मी डावीकडे स्टेटमेंट ठेवते, उजवीकडे रजिस्टर. दोहोंच्या मधली रेघ माऊसने धरून सरकवली की एक बाजू वाढते आणि दुसरी आपोआप तेवढी आकसते. रजिस्टरला रकाने जास्त, म्हणून त्याला जागा जास्त. एक्सेलमधली वरची बटणांची पट्टी फार जागा खाते. कंट्रोल धरून एफ-वन दाबलं की ती मिटते आणि पुन्हा दाबलं की परत येते.

पण मला सगळ्यात जास्त आवडली ती यातली दुसरी गोष्ट. एकदा अशी मांडणी केली की कॉम्प्युटर त्या खिडक्यांची जोडी लक्षात ठेवतो. हिशेब चालू असताना मध्येच मुलाला शाळेच्या प्रोजेक्टसाठी काहीतरी बघायचं असतं, नाहीतर कुणाचा तरी ईमेल येतो. बायकांचं काम सलग होतं कधी? आधी असं मध्येच उठलं की परत सगळी जुळवाजुळव करावी लागे. आता खालच्या पट्टीवर एक्सेलच्या चित्रावर बाण नेला की त्या जोडीचं छोटं चित्र दिसतं. त्यावर क्लिक केलं की दोन्ही खिडक्या होत्या तशा, होत्या त्या जागी हजर. आपलं काम आपली वाट बघत तिथेच थांबलेलं असतं.

गंमत म्हणजे शेजारी-शेजारी खिडक्यांची ही कल्पना काही आजची नाही. १९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती आली, तेव्हा कामाच्या खिडक्या एकमेकींवर ठेवताच येत नसत. फरशा बसवाव्यात तशा त्या शेजारी-शेजारीच असत. १९८७च्या दुसऱ्या आवृत्तीत एकीवर दुसरी ठेवायची सोय आली आणि पुढे तीच सगळ्यांच्या अंगवळणी पडली. २००९मध्ये विंडोज ७ आलं. त्यात खिडकी ओढत कडेला नेली की ती बरोबर अर्धा पडदा व्यापायची. २०१५च्या विंडोज १०मध्ये चार कोपऱ्यांत चार खिडक्या बसवता येऊ लागल्या. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आलं आणि तयार मांडण्यांची ही पाटी मिळाली.

त्यामुळे तुमच्या घरी जुना कॉम्प्युटर असला तरी हिरमुसू नका. विंडोजचं बटण धरून डावा बाण दाबला की खिडकी डावीकडे, उजवा बाण दाबला की उजवीकडे. हे विंडोज ७पासून चालतं. मात्र विंडोज १०चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे, तेव्हा पैशांचे व्यवहार करणाऱ्यांनी बदलाचा विचार जरूर करावा. अॅपलच्या मॅकवरही २०२४च्या सिक्वोया आवृत्तीपासून खिडक्या अशा बसवता येतात.

आता थोडं उणंदुणं. चार खिडक्यांची मांडणी दिसायला झोकदार, पण माझ्या पंधरा इंची लॅपटॉपवर तिचा उपयोग शून्य. मराठी अक्षरांतल्या वेलांट्या-उकारही धड दिसत नाहीत. काही प्रोग्राम तर ठरावीक रुंदीपेक्षा लहान व्हायलाच तयार नसतात. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला की खिडक्यांची जोडी नव्यानं जुळवावी लागते. त्यामुळे ‘तो लक्षात ठेवतो’ म्हणून फाइल सेव्ह करायचं विसरू नका. आणि एका कोपऱ्यात व्हॉट्सअॅप उघडून ठेवायचा मोह तर मुळीच नको. पडद्याचे चार भाग करता येतात, लक्षाचे नाही. माझ्या अनुभवानं दोन खिडक्या उत्तम, मोठा मॉनिटर असेल तर तीन. बास.

ही सोय काही हिशेबापुरतीच नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली एकीकडे व्हिडिओ लावून दुसरीकडे टिपणं काढू शकतात. सरकारी फॉर्म भरताना आधार कार्डाची प्रत शेजारी ठेवली की नावाचं स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवून बघता येतं.

मला मात्र या खिडक्यांचा खरा उपयोग कळला तो गटाच्या बैठकीत. आमच्या गटात एक मावशी आहेत. सहीपुरतं लिहितात, पण आकडे पक्के. ‘कॉम्प्युटरात काय लिहिता ते तुमचं तुम्हालाच ठावं,’ असं त्या नेहमी म्हणायच्या. मागच्या बैठकीला मी लॅपटॉप नेला आणि दोन्ही खिडक्या शेजारी लावून त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, ‘मावशी, हे बँकेचं आणि हे आपलं.’ मावशींनी एक बोट डावीकडच्या आकड्यावर ठेवलं, दुसरं उजवीकडच्या. जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, ‘सारखंच हाय की!’ मग त्या तिथेच बसून राहिल्या आणि बाकी अकरा जणींचे आकडेही एकेक करून मला वाचायला लावले.

पुढच्या बैठकीलाही लॅपटॉप आणायचा, असं त्यांनी बजावून सांगितलंय. तुमच्याकडेही गटाचे, भिशीचे किंवा दुकानाचे हिशेब कॉम्प्युटरवर असतील, तर या महिन्याचा मेळ घालताना खिडकीला खिडकी लावून बघा. आणि ज्यांचे पैसे आहेत, त्यांनाही शेजारी बसवा.