पेनड्राइव्ह लावल्याचं कर्नलला कसं कळतं?

• यूएसबी (1996) : उपकरण जोडताच डी-प्लस किंवा डी-मायनस तारेवरचा व्होल्टेज चढतो. हब बदल नोंदवतो, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पोर्ट रीसेट करतो. उपकरणाचा पत्ता आधी 0. मग 1 ते 127 पैकी एक.

• ओळख : उत्पादक आणि उत्पादन यांचे 16-बिट क्रमांक. बहुधा त्यांवरून किंवा उपकरणाच्या वर्गावरून ड्रायव्हर निवडला जातो.

• लिनक्स : कर्नल ‘यूइव्हेंट’ संदेश सोडतो. यूडेव्ह (2003) हा प्रोग्राम तो ऐकून उपकरणाच्या फाइलच्या परवानग्या ठरवतो.

• महत्त्वाचा फरक : ड्रायव्हर सहसा कर्नलच्या आत चालतो, यूडेव्ह बाहेर.

• जुन्या सिरीयल पोर्टवर अशी स्वयंओळख नाही.

• पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची ‘बॉस’ ही ऑपरेटिंग सिस्टिम डेबियन लिनक्सवर आधारित आहे. तिच्यातही यूएसबी उपकरणांसाठी वरचाच क्रम.