नैनी सरोवराचे पाणी आणि काठावरचे बांजवन

नैनीताल : नैनीतालला येणारा पर्यटक सरोवरात नौकाविहार करतो, नैनादेवीचे दर्शन घेतो, मॉल रोडवर फेरफटका मारतो आणि बहुधा तेथूनच परततो. सरोवराच्या तिन्ही बाजूंनी चढत गेलेली गर्द हिरवाई त्याच्या छायाचित्रांत केवळ पार्श्वभूमी म्हणून उरते. वस्तुतः उन्हाळ्यात सरोवरात किती पाणी शिल्लक राहणार, हे बऱ्याच अंशी त्या हिरवाईवर आणि तिच्याखालच्या जमिनीवर अवलंबून असते. मल्लीतालच्या बाजारातून तासा-दीड तासाची चढण चढली, की हे नाते प्रत्यक्ष पाहता येते.

समुद्रसपाटीपासून सुमारे १,९३८ मीटर उंचीवरील हे सरोवर जेमतेम दीड किलोमीटर लांब आणि अर्ध्या किलोमीटरहून कमी रुंद आहे. त्याची कमाल खोली सुमारे २७ मीटर. उत्तरेला २,६०० मीटरहून उंच असे नैना शिखर, एका अंगाला अयारपाटा आणि समोर शेर का डांडा, अशा डोंगरांच्या वाटीत ते वसलेले आहे. कुमाऊंनी भाषेत ‘मल्ली’ म्हणजे वरचे आणि ‘तल्ली’ म्हणजे खालचे. मल्लीताल हे सरोवराचे वरचे टोक, तर तल्लीताल हे खालचे. पावसाळ्यातील जादा पाणी तल्लीतालच्या दरवाजांतून बलिया नाल्यात सोडले जाते.

या सरोवराला कोणतीही हिमनदी पाणी पुरवत नाही. डोंगरउतारांवर पडणारा पाऊस, अधूनमधून होणारी हिमवृष्टी आणि जमिनीत मुरून झऱ्यांवाटे हळूहळू बाहेर येणारे पाणी एवढीच त्याची मिळकत. शहराची तहानही हेच पाणी भागवते. काठालगतच्या नलिका विहिरींतून उपसलेले पाणी घरोघरी आणि हॉटेलांत पोहोचते. पाऊस मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, तर पर्यटकांची सर्वाधिक गर्दी मे-जूनमध्ये, म्हणजे पाणी सर्वांत कमी असताना होते. २०१६ आणि २०१७ च्या उन्हाळ्यांत सरोवराचे काठ उघडे पडले आणि गाळाचे पट्टे वर आले, तेव्हा हा हिशेब सर्वांनाच दिसला.

पांढऱ्या पाठीची पाने

सरोवराभोवतीच्या वनातील प्रमुख वृक्ष म्हणजे बांज. हा ओक कुळातील सदाहरित वृक्ष असून मध्य हिमालयात साधारणपणे १,५०० ते २,३०० मीटर उंचीच्या पट्ट्यात तो आढळतो. त्याच्या पानाचा वरचा पृष्ठभाग गडद हिरवा, तर खालचा रुपेरी-पांढरा असतो. वारा सुटला की उतारावरचे सारे रान क्षणभर पांढरे दिसते. मार्च-एप्रिलमध्ये नवी पालवी फुटते, त्याच सुमारास जुनी पाने गळतात. त्यामुळे झाड कधी पूर्णपणे उघडे पडत नाही.

बांज एकटा वाढत नाही. अधिक उंचीवर आणि ओलसर जागी त्याच्या सोबतीला तिलोंज येतो. त्याहून वर खरसू. हे दोघेही ओकच. नैना शिखराच्या चुनखडीच्या उतारांवर सुरई हा स्थानिक सायप्रस दिसतो. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बुरांशाची लाल फुले वनाला वेगळाच रंग देतात, तर मे-जूनमध्ये काफळाची आंबट-गोड फळे पिकतात. अयार नावाच्या लहान वृक्षावरून अयारपाटा हे नाव पडले, असे सांगितले जाते. बांजाच्या खडबडीत खोडांवर शेवाळ, दगडफूल आणि नेचे दाटीने वाढतात. पावसाळ्यात हिरवेगार होणारे आणि उन्हाळ्यात सुकून पिंगट पडणारे नेचे हवेतील ओलाव्याची खूण देतात.

पाणी मुरते कसे?

‘बांज पाणी देतो’ ही कुमाऊंतील लोकधारणा आहे. तिच्यात तथ्य आहे. मात्र ते नेमकेपणाने समजून घ्यायला हवे. कोणतेही झाड पाणी निर्माण करत नाही. उलट स्वतःसाठी ते जमिनीतून पाणी ओढतेच. बांजवनाचे महत्त्व त्याच्या तळाशी आहे. पसरट पर्णसंभार मुसळधार पावसाचा मार झेलतो. खाली पडलेली पाने कुजून काळीभोर, भुसभुशीत माती तयार होते. ही माती पाणी पटकन शोषते आणि उतारावरून वेगाने वाहू देत नाही. मुळांनी आणि कीटकांनी केलेल्या पोकळ्यांतून ते पाणी खडकाच्या भेगांपर्यंत उतरते.

पुढचे काम खडकाचे. अयारपाट्याच्या बाजूला चुनखडी आणि डोलोमाइट आहे. अशा खडकात पाण्याने विरघळून झालेल्या भेगा आणि पोकळ्या असतात, त्यांतून पाणी खोलवर झिरपते. याचे ठळक उदाहरण म्हणजे मल्लीतालच्या वर, कालाढुंगी रस्त्यालगत असलेला सूखाताल. नावाप्रमाणेच हा तलाव वर्षातील बराच काळ कोरडा असतो. पावसाळ्यात तो भरतो आणि त्याचे पाणी तळातून झिरपत नैनी सरोवराकडे जाते. वरवर पाहता ओसाड वाटणारी ही जागा खालच्या सरोवराची भूमिगत टाकीच आहे. तळ अभेद्य करून सूखाताल बारमाही करण्याच्या योजनेवर म्हणूनच आक्षेप घेतले गेले आणि २०२२ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने तेथील बांधकामास स्थगिती दिली.

सारांश असा, की पाणी मुरण्यासाठी वरती वन, मध्ये मोकळी माती आणि खाली सच्छिद्र खडक या तिन्हींची साखळी लागते. यांतील खडक बदलता येत नाही. वन तोडले किंवा मातीवर काँक्रीट ओतले, तर मात्र तेच पावसाचे पाणी नाल्यांतून गाळासह काही तासांत सरोवरात येते आणि दरवाजांतून वाहून जाते. मे महिन्यासाठी मागे काही उरत नाही.

चीड, वणवा आणि बांजाची कोंडी

चीड हाही हिमालयाचाच वृक्ष. त्याला परका म्हणता येणार नाही. त्याचा नैसर्गिक पट्टा मुख्यतः बांजाच्या खाली आहे. ब्रिटिश काळात रेल्वेच्या स्लीपरसाठी आणि राळेसाठी चिडाला उत्तेजन मिळाले. बांजाकडे व्यापारी लाकूड म्हणून दुर्लक्ष झाले. गावकऱ्यांसाठी मात्र तो चारा, सरपण आणि शेतीची अवजारे पुरवणारा वृक्ष होता. वारंवार फांद्या छाटल्या गेल्या, गुरे चरली, की बांजवन विरळ होते. मोकळ्या, उन्हाच्या जागेत चिडाचे पंख असलेले बी वाऱ्याबरोबर येऊन सहज रुजते.

त्यानंतर वणवा निर्णायक ठरतो. चिडाच्या वाळलेल्या सुया, ज्यांना स्थानिक भाषेत ‘पिरूल’ म्हणतात, राळयुक्त असल्याने झटकन पेट घेतात. जाड सालीमुळे मोठा चीड आगीतून बहुधा वाचतो, बांजाची कोवळी रोपे जळून जातात. उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो. एप्रिल २०२४ च्या अखेरीस आग नैनीताल शहराच्या वेशीपर्यंत पोहोचली, तेव्हा हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरने भीमताल सरोवरातून पाणी उचलून ती विझवण्यास मदत केली होती.

बांजाच्या बाजूने एक गोष्ट आहे. तोडलेल्या बुंध्यातून तो पुन्हा फुटतो. काही वर्षे छाटणी, चराई आणि आग यांपासून संरक्षण मिळाले, तर उजाड वाटणारा उतार पुन्हा हिरवा होऊ शकतो. संरक्षणाची ही मागणी येथील लोकांनीही लावून धरली होती. नोव्हेंबर १९७७ मध्ये वनलिलावांविरुद्ध नैनीतालमध्ये तीव्र आंदोलन झाले. चिपको आंदोलनाच्या दबावानंतर १९८१ मध्ये तत्कालीन उत्तर प्रदेशाच्या पर्वतीय भागात एक हजार मीटरवरील हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर बंदी आली.

उतारांची मर्यादा

वनाकडून किती अपेक्षा ठेवावी, याचा धडाही नैनीतालने घेतला आहे. १८ सप्टेंबर १८८० रोजी अतिवृष्टीनंतर डोंगराचा कडा कोसळला आणि १५१ जणांचा बळी गेला. त्याच ढिगाऱ्याच्या जागी आज मल्लीतालचे विस्तीर्ण मैदान, ‘फ्लॅट्स’, आहे. त्यानंतर उतारांवरील पाणी सुरक्षितपणे खाली आणण्यासाठी नाल्यांचे जाळे बांधण्यात आले. मुळे वरच्या थरातील माती धरून ठेवतात. खोलवरचा खचलेला खडक त्यांना रोखता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये टिफिन टॉपवरील प्रसिद्ध ‘डोरोथी सीट’ कोसळले, ते वनाने वेढलेल्या माथ्यावरच. अशा उतारांवर बांधकामाला मर्यादा घालण्याला पर्याय नाही.

वनात जाताना

काठगोदाम रेल्वेस्थानकापासून नैनीताल सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. मल्लीतालहून सूखाताल, तेथून बारापत्थर आणि पुढे अयारपाट्याच्या बांजवनातून टिफिन टॉपच्या दिशेने जाणारी पायवाट सरोवर आणि वन यांचे नाते समजून घेण्यास सर्वांत सोयीची. माथ्याचा भाग कोसळल्यामुळे कोठवर जाण्यास मुभा आहे, याची वन विभागाकडे आधी चौकशी करावी. अधिक चढण चालण्याची तयारी असेल, तर नैना शिखराची वाट आहे. पक्षीप्रेमींसाठी किलबरी आणि पंगोट येथील वने थोड्याच अंतरावर आहेत.

बुरांशासाठी मार्च, तर स्वच्छ हवा आणि हिमशिखरांच्या दर्शनासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर योग्य. पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात आणि जळवाही असतात, मात्र पाणी मुरण्याची क्रिया डोळ्यांनी पाहायची तर हाच काळ. आग पेटवू नये, विडी-सिगारेटचे थोटूक टाकू नये, माकडांना खाऊ घालू नये आणि आखलेली वाट सोडून रोपे तुडवू नयेत, एवढे पथ्य पुरेसे आहे.

वाटेत एके ठिकाणी थांबून पानांचा थर हाताने बाजूला करून पाहावा. पाऊस थांबून काही दिवस झाले असले, तरी खालची काळी माती बहुधा ओलसर लागते. तो थर पुन्हा होता तसा पसरून ठेवावा. खाली शहरातल्या नळाला येणाऱ्या पाण्याचा प्रवास त्यातूनच सुरू होतो.