सिस्टर काय शिकून आल्या आहेत?

वयोवृद्ध रुग्णाच्या आजारपणातील सर्वांत जोखमीचा काळ कोणता, असे विचारले तर बहुतेक जण शस्त्रक्रियेचा दिवस किंवा अतिदक्षता विभागातील रात्री, असे उत्तर देतील. वृद्धांची शुश्रूषा ज्यांनी केली आहे, त्यांना आणखी एक काळ ठाऊक असतो: रुग्णालयातून घरी परतल्यानंतरचे तीन-चार आठवडे. तेथे मॉनिटर नसतो, राउंडला येणारे डॉक्टर नसतात. हाती असतो डिस्चार्जचा कागद, नव्या औषधांची पिशवी आणि घरात आधीपासून असलेला गोळ्यांचा डबा. पिशवीत आणि डब्यात एकच औषध दोन निराळ्या नावांनी आहे काय? पायांवरची सूज कालच्यापेक्षा वाढली आहे काय? दुपारी आजोबा थोडे असंबद्ध बोलले, ते झोपमोडीमुळे की आणखी कशामुळे? हे सारे ठरवण्याची पाळी मुलावर, सुनेवर किंवा स्वतः सत्तरी ओलांडलेल्या पत्नीवर येते.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात मेरी नेलर या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच काळ अभ्यासासाठी निवडला. दोन रुग्णालयांतील पासष्ट वर्षांवरील ३६३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला नेहमीची सेवा मिळाली. दुसऱ्या गटातील प्रत्येक रुग्णाची जबाबदारी पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या एका परिचारिकेकडे देण्यात आली. ती रुग्णाला वॉर्डातच भेटे, घरच्यांशी बोले, डिस्चार्जची तयारी करून घेई. रुग्ण घरी गेल्यावर अठ्ठेचाळीस तासांच्या आत पहिली गृहभेट देई, आठ-दहा दिवसांनी पुन्हा येई आणि चार आठवडे दूरध्वनीवर उपलब्ध राही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते: चोवीस आठवड्यांच्या आत नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३७ टक्के रुग्णांना निदान एकदा तरी पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले, परिचारिकेच्या देखरेखीखालील गटात हे प्रमाण २० टक्के होते. उपचारांचा एकूण खर्चही जवळजवळ निम्म्यावर आला.

या अभ्यासातील दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रुग्णांची हिंडण्या-फिरण्याची क्षमता, मनाची उभारी किंवा सेवेविषयीचे समाधान यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे त्या परिचारिकांनी कोणाला तरुण केले नाही. बिघाडाची पहिली खूण त्यांना वेळेवर ओळखता आली असावी, इतकाच त्याचा अर्थ मी लावतो. आणि वृद्धापकाळात तेवढेही पुष्कळ असते.

खूण ओळखण्याची ही दृष्टी केवळ अनुभवाने येत नाही. ती शिकवावी लागते. अमेरिकेत हे शिकवण्याची सुरुवात बरीच जुनी आहे. हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी १९५० च्या दशकात न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात मनोरुग्णांच्या परिचारिकांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा केला. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून ‘नर्स प्रॅक्टिशनर’ घडवण्यास आरंभ केला. त्या वेळी डोळ्यांसमोर होती ती डॉक्टरांपासून दूर राहणारी मुले. वृद्धांचा विचार नंतर आला. २००८ मध्ये तेथील नर्सिंग संस्थांनी एकत्र येऊन प्रगत परिचर्येची चौकट ठरवली, तेव्हा वृद्धांची परिचर्या हा वेगळा कोपरा न ठेवता ती प्रौढांच्या परिचर्येतच समाविष्ट केली. प्रौढांना तपासणाऱ्या प्रत्येकीकडे म्हातारी माणसे येणारच. तेव्हा तिला त्यांचे शास्त्र यायलाच हवे, असा त्यामागील विचार. मला तो फार शहाणपणाचा वाटतो.

चार वर्षांची पदवी आणि परवाना मिळवलेली परिचारिका या अभ्यासक्रमात येते. पुढील दोन-तीन वर्षांचा पाया तीन विषयांवर उभा असतो: शरीरातील बिघाडाचे शास्त्र, रुग्णाची नखशिखांत तपासणी आणि औषधशास्त्र. वृद्धांच्या संदर्भात या तिन्ही विषयांना निराळाच रंग चढतो.

उदाहरणार्थ, बिघाडाचे शास्त्र. तरुणाला न्यूमोनिया झाला की ताप येतो, खोकला येतो. ऐंशीच्या घरातील माणसाला ताप येईलच असे नाही. त्याची भूक जाते, तो पडतो, नाहीतर एकाएकी दिवस-रात्रीचे भान सुटते. हृदयविकाराचा झटकासुद्धा छातीत न दुखता, केवळ धाप किंवा थकवा घेऊन येऊ शकतो. ‘वयामुळे होत असेल’ हे घरात सहज उच्चारले जाणारे वाक्य. तेच मनात आले की थांबून पुन्हा तपासायचे, हे विद्यार्थिनीला येथे शिकवले जाते. आदल्या दिवसापर्यंत नीट बोलणारी व्यक्ती आज गोंधळली, तर ते म्हातारपण नव्हे. त्यामागचे कारण त्याच दिवशी शोधायचे असते.

तपासणीचेही तसेच. वृद्धाचा रक्तदाब आडवे असताना घ्यायचा आणि उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचा. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला, तर सकाळी बाथरूममध्ये जाताना येणाऱ्या भोवळीचे कारण सापडू शकते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे, एवढे घड्याळ लावून पाहायचे. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, तर पडण्याचा धोका आहे असे मानून पुढची पावले उचलायची. यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

औषधशास्त्राला पुरेसा वेळ दिला जावा हेच योग्य. वयोमानाने मूत्रपिंडांची गाळण्याची शक्ती घटते, औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते. मार्क बीअर्स या डॉक्टरांनी १९९१ मध्ये वृद्धांसाठी शक्यतो टाळावयाच्या औषधांची एक यादी तयार केली. तिच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत. सर्दी-खाजेसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या काही जुन्या गोळ्या तिच्यात आहेत, कारण त्यांनी वृद्धांत संभ्रम निर्माण होऊ शकतो, लघवी अडू शकते. एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून दुसरे औषध सुरू होणे ही साखळी ओळखायला शिकणे हा या विषयाचा गाभा आहे.

याखेरीज मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे तास असतात. नर्स प्रॅक्टिशनरसाठी ते दीर्घकाळ किमान पाचशे होते. २०२२ च्या निकषांत साडेसातशे करण्यात आले. डॉक्टर होणाऱ्याच्या प्रशिक्षणाशी तुलना करता हे तास फारच थोडे आहेत, असा वैद्यकीय संघटनांचा आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. दुसरीकडे, न्यूयॉर्कमध्ये १,३१६ रुग्णांवर झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्राथमिक उपचारांत नर्स प्रॅक्टिशनर आणि डॉक्टर यांच्याकडे गेलेल्या रुग्णांची सहा महिन्यांनंतरची प्रकृती सारखीच आढळली. तरी जे रोज दिसते ते सांभाळणे निराळे आणि दुर्मीळ, गुंतागुंतीचे निदान करणे निराळे.

मुलांकडे अमेरिकेत सहा-सहा महिने राहून येणाऱ्या आपल्या वाचकांना हे ठाऊक असलेले बरे. तेथे दवाखान्यात तपासणारी, औषध लिहून देणारी व्यक्ती डॉक्टर नसून नर्स प्रॅक्टिशनर असणे अगदी स्वाभाविक आहे. काही जणींकडे नर्सिंगमधील डॉक्टरेट असते, त्यामुळे नावापुढील उपाधीने गोंधळ उडतो. नम्रपणे विचारावे, तेथे त्यात कोणाला अपमान वाटत नाही.

आणि आपल्याकडे? दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेजात नर्सिंगचे पदव्युत्तर शिक्षण १९५९ मध्येच सुरू झाले. परंतु आपल्याकडे एम.एस्सी. झालेली परिचारिका बहुधा अध्यापनाकडे किंवा प्रशासनाकडे वळते. रुग्णाच्या खाटेपासून ती दूर जाते, आणि खाटेजवळ राहिली तर तिच्या ज्ञानाला वेगळे अधिकार वा वेगळे वेतन क्वचितच मिळते. हे बदलण्यासाठी भारतीय नर्सिंग परिषदेने गेल्या दशकात अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. त्यातील बहुतांश काळ प्रत्यक्ष रुग्णांजवळ जातो. ही सुरुवात चांगली आहे. पण ती मॉनिटरच्या सान्निध्यातली आहे. लेखाच्या आरंभी ज्या तीन-चार आठवड्यांचा उल्लेख केला, तेथपर्यंत ती पोहोचत नाही. गावातील आरोग्य केंद्रांत नेमलेले सामुदायिक आरोग्य अधिकारी रक्तदाब, मधुमेह यांच्या तपासणीचे मोलाचे काम करतात; तरी सहा महिन्यांचे प्रशिक्षण आणि दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण यांत अंतर आहेच.

शहरांत तर ब्युरोमार्फत येणाऱ्या प्रत्येकीला आपण ‘सिस्टर’ म्हणतो. ती दोन वर्षांची एएनएम असू शकते, तीन वर्षांची जीएनएम असू शकते, चार वर्षांची बी.एस्सी. असू शकते किंवा काहीच औपचारिक न शिकलेली, पण मायेने करणारी मावशी असू शकते. मावशींची सेवा कमी प्रतीची असे मुळीच नाही. मात्र इंजेक्शन, कॅथेटर, नळीवाटे अन्न ही कामे असतील, तर शिक्षण कोणते आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आहे काय, हे पहिल्याच दिवशी विचारावे. दरमहा मोठी रक्कम मोजणारी कुटुंबेही हा प्रश्न संकोचाने टाळतात.

प्रगत शिक्षण घेतलेली परिचारिका दारी येईपर्यंत तिच्या कामातील काही भाग घरच्यांना करता येतो. डिस्चार्जच्या दिवशी घरातील जुन्या सर्व गोळ्या, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीच्या औषधांसह, वॉर्डात न्याव्यात. त्यांतील कोणत्या चालू ठेवायच्या आणि कोणत्या बंद करायच्या, हे डॉक्टरांकडून त्याच कागदावर लिहून घ्यावे. स्वतःच्या मनाने एकही बंद करू नये. कोणते लक्षण दिसले तर कोणत्या क्रमांकावर, किती वेळात कळवायचे, हेही लिहून घ्यावे. पहिल्या दोन दिवसांत आणि पुन्हा आठवड्याने कोणी जाणत्याने घरी येऊन पाहावे, अशी व्यवस्था फॅमिली डॉक्टरांशी बोलून करता आली, तर करावी. आणि निघण्यापूर्वी वॉर्डातील सिस्टरना एक विनंती अवश्य करावी: रुग्णाला आधार देऊन उभे करा आणि तीन मिनिटांनी रक्तदाब पुन्हा एकदा घ्या.