लाल तेल, काळं तेल

गळीत हंगामात करकंबहून पंढरपूरला जायचं म्हणजे पुढच्या ट्रॅक्टरच्या मर्जीने जायचं. दोन ट्रॉल्या, त्यांवर पाचरट लोंबणारा ऊस, मागचा दिवा असला तर असला, आणि वेग ताशी पंधराच्या आसपास. ओव्हरटेक मारावा तर समोरून रिकाम्या ट्रॉल्या खडखडवत दुसरा येतच असतो. क्लचवाल्या गाडीचा ड्रायव्हर अशा वेळी पहिला-दुसरा करून वैतागतो, त्याचा डावा पाय भरून येतो. ऑटोमॅटिकवाला मात्र निवांत. गाणी ऐकत बसतो. पण पायाचं ते दुखणं कुठे गेलेलं नसतं, ते बोनेटखाली उतरलेलं असतं. इंजिन फिरतंय, चाकं जेमतेम हलताहेत आणि दोघांमधली तफावत गिअरबॉक्सचं तेल सोसतंय. तेल तापत जातं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किलोमीटरने कमी आणि तापाने जास्त मरतो, हे ज्याने डझनभर बॉक्स उघडलेत असा कुठलाही मिस्त्री सांगेल. सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर जातो, रस्ते ट्रॉल्यांनी भरलेले आणि आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या चारी दिशा तुंबलेल्या. या यंत्राची परीक्षा बघायला याहून अवघड जागा शोधावी लागेल.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ म्हणून ज्या लहान गाड्या आल्या, त्यांतल्या बऱ्याचशा एएमटी आहेत. २०१४ साली मारुतीने सेलेरिओत हा प्रकार आणला आणि तो स्वस्त पडत असल्याने पसरला. त्यात गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लच प्लेटही नेहमीची. ड्रायव्हरच्या पायाचं आणि हाताचं काम फक्त एक यंत्रणा करते. ती बिघडली तर पंढरपूर-टेंभुर्णीचा चांगला मेकॅनिकही स्कॅनर लावून तिला मार्गी लावू शकतो. खरा ऑटोमॅटिक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाला. तो गावाकडे आला इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, एक्सयूव्ही अशा गाड्यांतून. २०२० नंतर नाशिकला बनलेल्या नव्या थारमधून, जिच्यात जपानी आयसिन कंपनीचा सहा गिअरांचा बॉक्स आहे. कारखान्याचे संचालक, द्राक्ष-डाळिंबाचे बागायतदार, पुण्यात नोकरी करणारी मुलं, यांच्या दारात ही यंत्रं आता उभी आहेत.

टॉर्क कन्व्हर्टर मुळात गाडीसाठी जन्मलाच नाही. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. एका बंद डब्यात तेल भरलेलं, समोरासमोर दोन पातीवाली चक्रं. एक इंजिन फिरवतं, त्याने फेकलेलं तेल दुसऱ्यावर आदळून त्याला फिरवतं. दोन्हींच्या मध्ये तिसरं चक्र, स्टेटर, परतणाऱ्या तेलाला वळवून पुन्हा कामाला लावतं. त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा पीळ दुपटीच्या आसपास वाढून मिळतो. इंजिन आणि चाकं यांच्यात लोखंडाला लोखंड भिडत नाही, म्हणून गाडी गिअरमध्ये असूनही ब्रेकवर उभी राहते. मोटारींत पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स रुळवला तो जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिकने, १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये. त्यातही तेलाचंच चक्र होतं, पण स्टेटरशिवाय.

कन्व्हर्टरच्या मागे दात्यांचा संसार. मधे सन गिअर, भोवती प्लॅनेट, त्यांच्याबाहेर रिंग. तिघांपैकी एकाला धरून ठेवायचं, एकाला फिरवायचं, तिसऱ्याकडून काम घ्यायचं. कोणाला धरलं यावर गिअर ठरतो. असे दोन संच जोडून थोडक्या भागांत तीन गिअर देणारी रचना ज्याच्या नावाने ओळखली जाते, तो हॉवर्ड सिम्पसन हेन्री फोर्डकडे ट्रॅक्टरवर काम करणारा अभियंता होता. पुढे अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी त्याची रचना वापरली. ट्रॅक्टर आणि ऑटोमॅटिक गाडी यांचं नातं असं जुनं आहे, आणि ते एकट्या अमेरिकेत नाही.

आपल्याकडे मनमोहन सुरी नावाचे रेल्वेचे अभियंते होऊन गेले. डिझेल रेल्वे इंजिनांसाठी त्यांनी तेलाच्या बळावर चालणारं ट्रान्समिशन तयार केलं. ते ‘सुरी ट्रान्समिशन’ म्हणूनच ओळखलं गेलं आणि पुण्यात हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिकच्या कारखान्यात तयार झालं. हेच सुरी पुढे दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे संचालक झाले आणि तिथे त्यांच्या काळात देशी ट्रॅक्टर आकाराला आला, तो स्वराज. ऊस ओढणारा स्वराज करकंबच्या रस्त्यावर कोणाला दाखवायला नको. पण त्याच्या मागे अडकलेल्या ऑटोमॅटिक गाडीत जे तेल घुसळतंय, त्या विद्येतही याच माणसाने हात घातला होता, हे फारसं कोणी सांगत नाही. आपल्या शाळांत वाफेच्या इंजिनाचा वॅट शिकवतात. सुरींना एक परिच्छेद द्यायला हरकत नसावी.

आता बिघाडाकडे. गाडी पावसाळ्यात शेतरस्त्यावर काळ्या मातीत रुतते. मालक आधी एक्सलरेटर दाबून चाकं फिरवतो, मग रिव्हर्स, पुन्हा पुढे. तेवढ्यात तेल उकळीच्या वाटेला लागलेलं असतं. शेवटी कोणीतरी ट्रॅक्टर आणतो, दोरी लागते, गाडी बाहेर निघते. पण सुरू होत नाही म्हणून तशीच न्यूट्रलमध्ये वीसेक किलोमीटर पंढरपूरपर्यंत ओढत नेतात. मॅन्युअल गाडीला हे खपून जातं. ऑटोमॅटिकमध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि चाकांबरोबर फिरणारे आतले भाग कोरडे घासत राहतात. बिघाड बॅटरीचा असतो आणि गावात पोचेपर्यंत तो गिअरबॉक्सचा होतो. अशी गाडी फ्लॅटबेडवर चढवूनच न्यावी, पैसे जातील ते जाऊ द्यावेत.

बॉक्स उघडायचा की नाही याचा पहिला साक्षीदार तेल. नवं तेल लाल असतं. तपकिरी झालं तर बदलायची वेळ, काळं होऊन जळका वास मारत असेल तर आतल्या प्लेटांचं अस्तर गेलं. आणि ते स्ट्रॉबेरी मस्तानीसारखं गुलाबी-दुधाळ दिसलं तर रेडिएटरच्या आत बसवलेला तेलाचा कूलर फुटून पाणी मिसळलंय. तेव्हा गाडी एक किलोमीटरही चालवू नये, कारण पाण्याने प्लेटांचं कागदी अस्तर सुटतं. मग खालचा पॅन उतरवतात. त्यात मॅग्नेट असतो. त्यावर बारीक करडी लव असली तर ती रोजची झीज. लोखंडाचे कपचे निघाले तर बॉक्स पूर्ण खोलायचा.

बॉक्स ‘बांधणं’ हा शब्द आपल्या मिस्त्र्यांनी इंजिनावरून उचलला, आणि तो इथे चपखल बसतो. फक्त गॅरेजच्या सवयी बदलाव्या लागतात. इंजिनाचं काम करताना हाताला कॉटन वेस्टचा बोळा लागतो. इथे त्याला मनाई. त्यातला एक धागा व्हॉल्व्ह बॉडीत गेला की सोलेनॉइड, म्हणजे तेलाची वाट उघडझाप करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, अडकतो. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे अॅल्युमिनियमचा एक ठोकळा. आत तेलासाठी नागमोडी वाटा, त्यांत स्प्रिंगा, सरकते व्हॉल्व्ह आणि वाटाण्याहून लहान गोळ्या. गोळी कुठल्या खोबणीत होती हे विसरलं तर गाडी तिसऱ्यातून चौथ्यात जाणारच नाही. जुळवणी करताना या गोळ्या जागेवर धरून ठेवायला ग्रीस लावत नाहीत, व्हॅसलिन लावतात. व्हॅसलिन गरम तेलात विरघळून जातं, ग्रीस गोळा होऊन वाट बुजवतं.

क्लच पॅक हा भाग ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला चटकन समजतो. ऑइल ब्रेकच्या ट्रॅक्टरमध्ये तेलात बुडालेल्या प्लेटा असतात, हे त्याला ठाऊक असतं. इथेही तसंच: एक अस्तरवाली, एक पोलादी, एक अस्तरवाली, अशी चवड, आणि तेलाच्या दाबाने पिस्टन ती आवळतो. नव्या प्लेटा बसवण्यापूर्वी नेमून दिलेल्या तेलात भिजत घालाव्या लागतात. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढावर करपतात. चवड बसली की फिलर गेज घालून फट मोजायची. फट जास्त आली तर गिअर झटका देऊन पडतो, कमी आली तर प्लेटा मोकळ्या असतानाही घासतात. जाडी बदललेल्या सर्कलिपा घालून ती जुळवतात. त्यानंतर कॉम्प्रेसरची हवा भोकातून सोडायची. पिस्टन ‘ठप्प’ करून हलला तर सील धरलंय; नुसती फुस्स ऐकू आली तर पुन्हा खोला.

सर्वात महागडी चूक शेवटच्या पाच मिनिटांत होते. कन्व्हर्टर बॉक्सवर बसवताना तो तीन टप्प्यांनी आत जातो आणि प्रत्येक टप्पा हाताला जाणवतो. दोनच टप्पे जाऊन घाईने बोल्ट आवळले तर इंजिन सुरू होताच पंप फुटतो, आणि सगळी मेहनत त्याच पॅनमध्ये कपच्यांच्या रूपात जमा होते.

कन्व्हर्टर स्वतः वेल्ड केलेला असतो. त्याच्यातलं लॉक-अपचं, म्हणजे वेगात इंजिन आणि बॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचचं, अस्तर बदलायचं तर लेथवर तो कापायचा, साफ करायचा, पुन्हा वेल्ड करून बॅलन्स करायचा. हे काम पंढरपूर-टेंभुर्णीच्या गॅरेजात सहसा होत नाही, म्हणून गाड्या पुण्याला जातात. सुट्ट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ, मुंबईचा कुर्ला. कधी मालक ‘सेकंड-हँड बॉक्सच टाकू’ म्हणतो. अपघाती गाडीतून उतरवलेला तो बॉक्स कोणत्या तापातून गेलाय हे मात्र कोणीच सांगू शकत नाही. माझं मत विचाराल तर स्वतःचा बॉक्स बांधून घ्यावा.

अर्थात भाग मिळाले तर. २००८ साली महिंद्रने स्कॉर्पिओत सहा गिअरांचा ऑटोमॅटिक आणला, तो ऑस्ट्रेलियातल्या डीएसआय कंपनीचा. पुढच्याच वर्षी डीएसआय दिवाळखोरीत गेली, कारण तिचं मोठं गिऱ्हाईक असलेली कोरियाची सँगयाँग डबघाईला आली होती. चीनच्या गीलीने डीएसआय विकत घेतली, आणि २०११ मध्ये सँगयाँग आली महिंद्रच्याच हाती. कंपन्यांची ही अदलाबदल चालू असताना नाशिकला बनलेली स्कॉर्पिओ इथल्याच एखाद्या वाड्यासमोर उभी होती, आणि तिला सोलेनॉइड हवा होता.

बांधताना सुधारणा करायची म्हटली की तरुण मंडळी शिफ्ट किट, जास्त दाब, चटकन पडणारे गिअर असं काहीबाही मागतात. या भागासाठी पहिला खर्च कूलरवर करावा. रेडिएटरच्या पुढे, वाऱ्याच्या तोंडावर एक वेगळा तेलाचा कूलर बसवला की ट्रॉलीच्या मागे रांगतानाही तापमान आटोक्यात राहतं. तेलाचं तापमान दर दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण अर्ध्यावर येतं, असा मिस्त्र्यांचा अंदाज असतो, आणि तो वावगा नाही. व्हॉल्व्ह बॉडीची झिजलेली भोकं रीमरने मोठी करून जाड व्हॉल्व्ह बसवणं ही दुसरी कामाची सुधारणा. बाकीचं शौकाचं.

तेलाबाबत ‘आयुष्यभर बदलायची गरज नाही’ असं काही गाड्यांच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. कोणाच्या आयुष्यभर, ते छापलेलं नसतं. झेडएफ ही बॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला तेल बदलायला सांगते. आपल्या उन्हात आणि ट्रॉल्यांमागे त्याही आधी बदलावं. आणि लाल दिसलं म्हणून पॉवर स्टेअरिंगचं तेल ओतू नये; रंग एक असला तरी प्लेटांना हवी असलेली पकड वेगळी असते.

नवं तेल भरताना इथे एक खास अडचण येते. बऱ्याच नव्या बॉक्सना डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, तेल चाळिसाच्या आसपास असताना बाजूचा बोल्ट काढायचा आणि धार बारीक झाली की बंद करायचा. मे महिन्यात दुपारी उन्हात उभी असलेली गाडी सुरू करण्याआधीच त्या तापमानाला पोचलेली असते, सुरू केली की पुढे जाते. फुगलेल्या तेलावर पातळी धरली की बॉक्सला तेल कमी पडतं आणि गाडी थंड असताना सकाळी घसरते. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे, गाडी रात्रभर शेडमध्ये ठेवून करून घ्यावं.

बिल देताना जुन्या प्लेटांबरोबर जुना कूलरही परत मागावा. जुन्या बॉक्सचा भुसा त्यात अडकून राहतो, नुसता धुऊन तो पूर्ण निघत नाही. मिस्त्रीने जुना कूलर दाखवला नाही तर तो अजून गाडीतच आहे असं धरून चालावं, आणि गाडी ताब्यात घेऊ नये.