जुलाब थांबल्यानंतर

“जुलाब झाले म्हणून कुणाचे पाय लुळे पडतात का हो, मॅडम?” २०२५च्या जानेवारीत हा प्रश्न मला रिक्षावाल्यापासून धाकट्या जावेपर्यंत सगळ्यांनी विचारला. निम्मं आयुष्य रुग्णालयाच्या लॅबमध्ये शौचाचे नमुने तपासण्यात गेल्यामुळे असले प्रश्न माझ्याकडेच येतात, आणि ताटावर बसल्यावर आले तरी माझी हरकत नसते.

पडतात. क्वचित, पण पडतात. पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकिटवाडी, धायरी या पट्ट्यात तेव्हा गुलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे पेपरवाल्यांच्या ‘जीबीएस’चे, रुग्ण एकामागून एक दाखल होत होते. पुढे संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. तपासणीत काहींच्या शौचात नोरोव्हायरस सापडला, काहींच्या शौचात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जीवाणू. यातला दुसरा माझा जुना ओळखीचा.

भारी नखरेल प्राणी. आपल्याला लागतो तेवढा ऑक्सिजन त्याला सोसत नाही, आणि अजिबात नसला तरी चालत नाही. पूर्वी यासाठी कॅंडल जार वापरत: प्लेटा काचेच्या बरणीत रचायच्या, वर मेणबत्ती पेटवून झाकण घट्ट लावायचं. ज्योत आतला थोडा प्राणवायू खाऊन आपोआप विझते. मग बरणी ४२ अंशांच्या इनक्यूबेटरमध्ये. ४२ का? कोंबडीच्या अंगात साधारण तेवढीच ऊब असते आणि हा तिच्या आतड्यात सुखाने नांदतो. तिला सहसा काही होत नाही. दोन दिवसांनी कोळसा घातलेल्या काळ्या माध्यमावर राखाडी, ओलसर वसाहती दिसतात.

एवढी उठाठेव कोण करणार? नेहमीच्या स्टूल कल्चरमध्ये टायफॉइड, शिगेला, कॉलरा यांचे जंतू शोधतात आणि रिपोर्ट देतात. वूस्टरच्या मार्टिन स्किरो या डॉक्टरांनी १९७७ मध्येच दाखवून दिलं होतं की, नीट शोधलं तर जुलाबाच्या रुग्णांत हा जीवाणू भरपूर सापडतो. आपल्याकडे अनेक ठिकाणी तो शोधलाच जात नाही, आणि मग ‘आपल्याकडे नसतो हो’ असं खुशाल म्हटलं जातं. मला याचा राग येतो.

पोटात काही शे जंतू गेले तरी पुरतात. अंगाने नागमोडी, शेपट्या बहुधा दोन्ही टोकांना. त्यामुळे आतड्यावरच्या चिकट थरातून स्क्रूसारखा फिरत तो अस्तरापर्यंत पोचतो आणि पेशींच्या आत घुसतो. पेशी धोक्याचा इशारा देतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि ताप, मुरडा, रक्ताची आव सुरू होते. यातला बराचसा विध्वंस आपल्याच फौजेचा. आठवड्याभरात जुलाब थांबतात आणि बहुतेकांचं प्रकरण तिथेच मिटतं.

हजारात साधारण एखाद्याचं मिटत नाही. या जीवाणूच्या काही वाणांच्या अंगावरची साखरेची साखळी आपल्या मज्जातंतूंवरच्या जीएम-१ नावाच्या रेणूशी हुबेहूब जुळते. जंतूसाठी तयार झालेल्या अँटिबॉडी रक्तातून हिंडत तंतूंपाशी पोचतात आणि तिथेही तोच ‘शत्रू’ पाहतात. लाल टोपीवाल्या चोराचं वर्णन हातात घेऊन निघालेल्या पोलिसांनी लाल टोपीच्या घरमालकालाच धरावं, तसं. तंतूवर ठरावीक अंतराने आवरण नसलेल्या जागा असतात. अँटिबॉडी तिथे चिकटतात, रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं पाठोपाठ येऊन भोकं पाडतात, आणि मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही. नोबुहिरो युकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सशांना या जंतूचा हा भाग टोचून दाखवला: अँटिबॉडी तयार झाल्या आणि सशांचे पाय गळाले.

हे घडायला एक ते तीन आठवडे जातात. तोवर जुलाब थांबलेले, माणूस कामावर. मग जिना चढताना गुडघे दगा देतात, पायातली चप्पल निसटते, अशक्तपणा पायांकडून वर सरकतो. श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर. म्हणून ‘पाय जड झालेत, झोपलं की बरं वाटेल’ म्हणणाऱ्याला झोपू देऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. या टप्प्यावर प्रतिजैविकाने लकवा थांबत नाही, कारण भांडण आता जंतूशी उरलेलं नसतं. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देतात, किंवा रुग्णाचा प्लाझ्मा बदलतात. बहुतेक जण पुन्हा चालू लागतात, पण तंतू सावकाश भरून येतात, महिने जातात.

चिकन सोडायचं का, हेही सगळ्यांनी विचारलं. पूर्ण शिजवलेलं खुशाल खा. कच्चं मात्र नळाखाली धूत बसू नका; शिंतोडे कोथिंबिरीवर उडतात. आणि पाणी बघा. क्लोरीनपुढे आणि उकळण्यापुढे हा जंतू अगदीच लेचापेचा आहे. नळाच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरायला हवं, आणि ते बघायला माझ्यासारखी लॅबवाली लागत नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो ती ओटी टेस्ट: नळीत पाणी, वर द्रावणाचे थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. आमच्या सोसायटीत टँकर आला की वॉचमन आधी नळी भरून माझ्याकडे वर पाठवतो. रंग चढला नाही, तर टँकरवाल्याशी माझं भांडण ठरलेलं. आणि त्या दिवशी पाणी उकळा म्हणून ग्रुपवर मेसेजही.